वर्गणी उरली, विचारपूस गेली

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंचमंडळी आणि शब्बाथशाळेचे शिक्षक यांस,

सप्रेम सलाम.

पत्र लिहिण्यास कारण की, मार्च संपला की मंडळ्यांचे वार्षिक अहवाल हाती येतात, तसे ते यंदाही आले. मी ते आवडीने वाचते. कंपाउंडची भिंत झाली, गळके पत्रे बदलले, साउंड सिस्टीमला एवढे गेले, नाताळच्या चहा-केकला तेवढे. कापणीच्या सणाच्या लिलावात कुणाच्या परड्यातला भोपळा कितीला सुटला, तेही एका अहवालात आहे. हिशोब चोख आहेत, खजिनदारांना शाबासकी द्यायलाच हवी. पण मंडळी ज्या एका गोष्टीसाठी जमते, तिचं यंदा काय झालं, हे कुठल्याच पानावर सापडलं नाही. सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती, असं शास्त्र्याने येशूला विचारलं तेव्हा त्याने उत्तर दिलं ते आपल्या रविवारच्या शब्बाथशाळेतली पाच वर्षांची पोरही म्हणून दाखवते: पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने, पूर्ण शक्तीने देवावर प्रीती कर. आज्ञा फळ्यावर लिहून झाली, पाठ करून झाली, पाठांतराला स्टीलचे डबेही वाटून झाले. ती पाळायची कशी, हे शिकवायचं कुणी?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला. तरुण मुलं म्हणतात, उपासनेत आतून भरून येतं ना, ती देवावरची प्रीती. वडीलधारे म्हणतात, दर रविवारी चर्चला यावं, दशांश द्यावा, दारू-तंबाखूपासून लांब राहावं, झालं. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत. नाताळानंतरच्या महिन्यांत मैदानावर सभा होतात, स्टेजवरचा कीबोर्ड हळू वाजायला लागतो आणि डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही येतं. पण सोमवारी सकाळी बसमध्ये उभ्याने जाताना ते कुठे असतं? आणि नुसती हजेरी लावणाऱ्याचं म्हणाल, तर थोरल्या मुलाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. उधळ्या पुत्राचा तो भाऊ वर्षानुवर्षं बापाच्या शेतात राबला, एक आज्ञा मोडली नाही, आणि घरात वाद्यं वाजायला लागली तेव्हा अंगणात फुगून उभा राहिला.

एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. येशूने दिलेलं उत्तर त्याने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून घेतलं. तिथे मोशे प्रीतीची आज्ञा देऊन थांबत नाही. ही वचनं मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोलत जा, दाराच्या चौकटीवर लिही, असं तो लागलीच सांगतो. आज्ञा आणि तिची दिनचर्या एकाच दमात. म्हणजे ही प्रीती आभाळातून पडायची वाट बघत बसायची नाही, आणि कपाळाला आठ्या घालून पार पाडायचीही नाही. रोजच्या उठण्या-बसण्यात तिला जागा करून द्यायची, म्हणजे ती वाढते. देवाने आधी आपल्यावर प्रीती केली, हे योहानाने लिहून ठेवलंच आहे, त्यामुळे सुरुवात आपल्याकडून नाही. पण वाढवणं आपल्या हातात दिलेलं आहे. आपल्या घरांत चौकटीवर वचनाची फ्रेम असतेच, बहुतेक यहोशवाच्या पुस्तकातलीच. तेवढं चौकटीचं काम आपण केलं. घर, वाट, निजणं आणि उठणं ही चार राहिली.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्याच घरातला आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं, पुढे ते मेथडिस्ट पंथाकडे आलं. म्हणून आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी त्या पंथाचा मूळ पुरुष जॉन वेस्ली याचं नाव आजोबांपासून आहे. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमध्ये अल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत त्याच्या हृदयाला अनोखी ऊब जाणवली, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की पाळकसाहेबांनी 'मे महिना' म्हटलं तरी पुढचं आम्ही पूर्ण करू शकतो. त्यानंतरचं मात्र कुणी सांगत नाही. 1766 साली, म्हणजे त्या उबेनंतर अठ्ठावीस वर्षांनी, वेस्लीने आपल्या भावाला, चार्ल्सला, एक खाजगी पत्र लिहिलं. त्यात त्याने कबूल केलं की माझं देवावर प्रेम नाही, कधी नव्हतंच. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, हजारोंना देवाकडे वळवलेला! आणि हे लिहून त्याने प्रवचन सोडलं नाही, प्रार्थना सोडली नाही, पहाटे उठायचं सोडलं नाही. 1791 मध्ये मरेपर्यंत घोड्यावर आणि गाडीत बसून गावोगाव फिरत राहिला. ऊब गेली म्हणजे प्रीती मेली, असं त्याने धरलं नाही. हे आपल्या तरुण पोरांना ठणकावून सांगायला नको का? सभेनंतरच्या आठवड्यात काहीच वाटेनासं झालं की ती मुलं समजतात, आपलं तारणच खोटं. मग एक तर पुढची सभा शोधत फिरतात, नाही तर यायचीच बंद होतात.

त्याच वेस्लीच्या काळातली दुसरी गोष्ट पंचमंडळींसाठी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्याच्या लोकांनी सभेसाठी इमारत बांधली आणि ती कर्जात अडकली. (हे ऐकून आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.) 1742 च्या फेब्रुवारीत कर्ज कसं फेडायचं म्हणून बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, गरिबांना ते जमायचं नाही. तर हा म्हणतो, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. ज्याला जमणार नाही त्याची मी भरीन. तसे बारा-बारांचे गट पडले आणि पुढारी पेनी गोळा करायला दारोदार जायला लागले. घरात पाऊल पडलं तेव्हा त्यांना दिसलं की कुठे नवरा-बायकोचं भांडण चाललंय, कुठे माणूस पिऊन पडलाय. वेस्लीला कळवलं, तेव्हा तो म्हणाला की आपण इतके दिवस हेच शोधत होतो. पुढे ते गट आठवड्यातून एकदा एकत्र बसायला लागले आणि पुढारी एकेकाला विचारायचा: तुझ्या जिवाचं कसं चाललंय?

आपल्याकडेही महिन्याला पंच येतात. दारात चपला न काढताच उभे राहतात, पावती फाडतात, "बरं हाय न्हवं सगळं?" म्हणतात आणि उत्तराच्या आधी पुढच्या गल्लीला लागतात. त्यांना दोष देत नाही; खानापूरच्या पावसात छत्री, पावती-पुस्तक आणि सुटे पैसे सांभाळत हिंडणं सोपं नाही, आणि त्याचा पगार कुणी देत नाही. पण ब्रिस्टलला पैशातून विचारपूस निघाली, आपल्याकडे विचारपूस गळून पैसा तेवढा उरला.

निपाणीच्या एका आक्कांविषयी सांगते. विड्या वळतात. शिकल्या दुसरीपर्यंत. त्यांच्या पडवीत मी बसले होते तेव्हाचं बघितलेलं आहे: मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यातून काढलेली पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, कात्रीने तेवढं पान कापायचं, चिमूट सारखी पसरायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा. बघता बघता पंचवीस होतात आणि जुडी बांधली जाते. हे चालू असताना ओठ हलत होते. एकशे तीनवं स्तोत्र, "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर" पासून शेवटपर्यंत, न अडखळता. लहानपणी शब्बाथशाळेत पाठ केलेलं. आणि जुडीला गाठ मारली की एक नाव. एका जुडीला एक माणूस. पाळकसाहेबांचं नाव होतं, मुंबईला गेलेल्या नातवाचं होतं, कारखान्यात विड्या मोजून घेताना चांगल्या चांगल्या बाजूला फेकणाऱ्या माणसाचंही होतं. पहिल्या जुडीला जावेचं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिचं नाव आधी घेतलं न्हाई तर दिवसभर टाळत बसतो की आपण." आणि स्तोत्राबद्दल: "हात आपसूक चालत्यात, तोंड रिकामं असतंय. रिकाम्या तोंडानं गल्लीतल्या चहाड्या करण्यापेक्षा हे बरं."

याच आक्का मागच्या बाकावर बसलेल्या असताना एकदा तंबाखूच्या धंद्यावर कडक प्रवचन झालं होतं. तंबाखू वाईट, कबूल. पण ज्यांच्या घरात त्या सुपावरच चूल पेटते त्यांनी दुसरं काय करावं, ते प्रवचनात नव्हतं. असो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, पाठांतर बंद करा असं मी म्हणत नाही, हे यावरून ध्यानात येईल. साठ वर्षांपूर्वी कुणी तरी त्या आक्कांकडून स्तोत्र घोकून घेतलं म्हणून आज ते पडवीत आहे. आपली चूक पुढची आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रातला, प्रीतीवरचा तेरावा अध्याय एका दमात म्हणणारा मुलगा बक्षिसाचा डबा दुसऱ्याला गेला म्हणून त्याच दुपारी मारामारी करतो, आणि आपण दोन्हीकडे बघून हसतो. वचन पाठ झालं की ते घेऊन काय करायचं, ते सांगायचं राहून जातं. रात्री दिवा घालवल्यावर अंथरुणात एकच ओळ सावकाश म्हणायची, शाळेच्या वाटेवर एक ओळ, रागावल्यावर एक. वर्षातून एक परीक्षा कमी घ्या आणि त्या रविवारी मुलांना दहा मिनिटं गप्प बसायला शिकवा. पहिल्यांदा खिदळतील. खिदळू देत.

साक्षीबद्दलही लिहायला हवं. आपल्याकडे साक्ष म्हणजे नोकरी लागली, पोटदुखी गेली, सीईटीला नंबर लागला, आखातातला व्हिसा आला. देवाचे उपकार सांगायलाच हवेत, आक्कांच्या स्तोत्रातही ते विसरू नकोस असंच आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हॉ मठाच्या बर्नार्डने प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणूस आधी स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करतो. मग अडचणीत सापडतो आणि देवावर प्रेम करतो, पण स्वतःच्या लाभासाठी. त्याच्याकडे वारंवार जाता जाता त्याची गोडी लागते, आणि मग देव देव आहे म्हणून त्याच्यावर प्रेम करतो. चौथी पायरी म्हणजे स्वतःवरही देवासाठीच प्रेम करणं. तिथे या जन्मात कुणी फार वेळ टिकत नाही, असं त्यालाही वाटे. बर्नार्डने दुसऱ्या पायरीला नावं ठेवली नाहीत, तिच्यावरूनच वर जायचं आहे. पण आपण माईक तेवढा दुसऱ्या पायरीवर नेऊन ठेवलाय. व्हिसा न आलेला, ऑपरेशन होऊनही आई गेलेली, अशांना कधी पुढे बोलावलंय? कोरोनाच्या दोन वर्षांत आपल्या किती घरांत रिकामी खुर्ची आली, आणि त्या घरांना आपण सांगितलं, "देवाची इच्छा, रडू नका." अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र कुणी वाचून दाखवलं नाही. ते स्तोत्र रडगाण्याने सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. जो देवाशी भांडायला तरी बसतो, त्याने त्याला सोडलेलं नसतं. अशा माणसाला पाच मिनिटं द्या. तो काही बोलला नाही आणि नुसता उभा राहिला, तरी चालेल.

आणि आता तो विषय, ज्यावर आपल्या सभा सगळ्यांत लांबतात. मराठी उपासना आठला की दहाला, कन्नड आधी की नंतर, बोर्डावर वर कुठली लिपी, गायनाचं पुस्तक कुठलं. सीमाभागात राहतो म्हटल्यावर हे चर्चच्या फाटकाबाहेर थांबेल अशी अपेक्षा करणंच भाबडेपणाचं आहे. 1956 पासूनचं दुखणं आहे, प्रत्येक घरात त्याची काही ना काही आठवण आहे. मराठीत उपासना हवी, हा हट्ट मी सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. ज्या भाषेत आपण रागावतो, हसतो, आजारपणात कण्हतो, त्या भाषेत देवाशी बोलता आलं पाहिजे. इंग्रजी शाळेत जाणारी आपली नातवंडं रात्रीची प्रार्थना रजेचा अर्ज वाचल्यासारखी म्हणतात. त्यांना आजीच्या मराठीत, नाही तर त्यांच्या स्वतःच्या मोडक्यातोडक्यात, देवबापाशी बोलू द्या. व्याकरण तो तपासत नाही.

पण साडेनऊला मराठी मंडळी बाहेर पडते, त्याच दारातून कन्नड मंडळी आत शिरते, आणि मधल्या दहा मिनिटांत आपण एकमेकांच्या चपला तुडवतो, हात मिळवत नाही. "डोळ्यांनी दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही आणि न दिसणाऱ्या देवावर कशी असेल?" हा योहानाचा सवाल त्या दारात उभा राहून वाचून बघा. शेतात, उद्यमबागेतल्या फौंड्रीत, बाजारात दोन्ही भाषांचे लोक रोज एकमेकांशी नीट बोलतात, भाव करतात, उधारी देतात. तिथे जमतं आणि तेवढ्या दारात जमत नाही, याची लाज वाटायला हवी. महिन्यातून एक प्रभुभोजन एकत्र घ्या. वचन दोन्ही भाषांत वाचा. आपण सलाम म्हणू, ते वंदने म्हणतील. एवढ्याने सीमाप्रश्न सुटणार नाही आणि बिघडणारही नाही.

शेजाऱ्यांकडूनही शिकण्यासारखं आहे. खानापूर तालुक्यातल्या कोंकणी कॅथलिक घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. आजीपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे गुडघ्यांवर, टीव्ही बंद. त्यांच्या प्रार्थनेतलं काही आपल्याला पटत नसेल, पण ते सगळे रोज बसतात. आपण पटणाऱ्या प्रार्थनेसाठीही बसत नाही. पंढरीला पायी जाणारे आमच्या गल्लीतले म्हातारे वर्षभर संध्याकाळी टाळ हातात घेतात, तेव्हा आषाढात त्यांचे पाय चालतात. आपल्याला वाटतं, डिसेंबरात एकदम पाय चालतील.

तर मागणं असं आहे. दहा-बारा घरांचा एक गट करा. प्रत्येक गटाला एक माणूस किंवा बाई नेमा, आणि कृपा करून ती नेमणूक निवडणुकीने करू नका. कमिटीत कोण निवडून येतं ते आपण बघतोच. पाळकसाहेब एकटे, त्यांच्या मागे तीन-चार गावं, त्यांच्यावर हे टाकायचं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, अर्धा तास: एक स्तोत्र, थोडी शांतता, मग एकेकाला तोच ब्रिस्टलचा प्रश्न. गेल्या आठवड्यात देवाची आठवण कधी आली, कधी अजिबात आली नाही, कुणाशी बोलणं तुटलंय. ज्याला बोलायचं नाही त्याला सोडून द्यायचं. तिथे ऐकलेलं तिथेच राहील, ही अट सगळ्यांत आधी सांगायची, कारण आपली गावं लहान आणि कान मोठे. वर्गणीचं पाकीट त्याच संध्याकाळी घ्यायचं असेल तर घ्या, पण शेवटी.

सुरुवात जूनमध्ये करा. पावसात मैदानी सभा होत नाहीत, लग्नसराई संपलेली असते, खानापूरकडे संध्याकाळी लाईट जाते आणि मोबाईलची बॅटरी किती वेळ पुरणार? जुलैत भाताची लावणी लागली की लोक दमलेले असतात, तेव्हा अर्ध्या तासाचं पाऊण तास होऊ देऊ नका.

निपाणीच्या एका गटासाठी त्या आक्कांना विचारा. चिठ्ठी पाठवू नका, त्यांना वाचायला जड जातं आणि सून वाचून दाखवेल तर आधी सगळ्या गल्लीला कळेल. स्वतः जा, चपला काढून पडवीत बसा. विड्या कारखान्यावर नेऊन द्यायच्या वेळेला तेवढं जाऊ नका. तेव्हा त्या कुणाशीच बोलत नाहीत.

आपली,
सीमाभागातली एक शब्बाथशाळा शिक्षिका